पहारेकऱ्याच्या पोटातला चोर

चेन्नई सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच सरकारी जनरल हॉस्पिटलची अवाढव्य इमारत दिसते. आता त्याला राजीव गांधींचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला नुसतं ‘जी. एच.’ म्हटलं की पुरतं. अठराव्या शतकापासून हे रुग्णालय याच जागेवर आहे आणि मद्रास मेडिकल कॉलेज त्याला लागूनच. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसून इथे उतरणाऱ्या किती मराठी माणसांना ठाऊक असेल, की रस्त्यापलीकडच्या त्या आवारात १९०३ साली एका डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिलं, त्याचा धागा २०२१ साली आपल्या गावोगावी झालेल्या एका इंजेक्शनच्या शोधाशोधीपर्यंत येऊन पोहोचतो?

त्या डॉक्टरचं नाव चार्ल्स डोनोव्हन. जन्म कलकत्त्याचा, वंशाने आयरिश. मद्रास मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचं, हॉस्पिटलात रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात फुलपाखरं गोळा करायची, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्याकडे अनेक रुग्ण असे येत, की ज्यांना महिनोन् महिने ताप, अंगाचा पार सांगाडा झालेला, पण पोट मात्र पुढे आलेलं. डाव्या बरगडीखालची प्लीहा – आपल्या आज्या जिला पाणथरी म्हणायच्या – वाढून बेंबीपर्यंत उतरलेली. सगळे म्हणत, हा मलेरियाच. पण क्विनाइन देऊन उतार पडेना आणि रक्तात मलेरियाचे जंतू सापडेनात.

डोनोव्हन यांनी अशा रोगाने मेलेल्यांच्या प्लीहेतला अंश काचपट्टीवर घेऊन पाहिला. त्यात बारीक, गोलसर ठिपके होते. ते मृत्यूनंतर झालेल्या कुजण्याचे असतील, असं आधी त्यांना वाटलं. तेवढ्यात मे १९०३ मध्ये इंग्लंडहून विल्यम लीशमन यांचा लेख प्रसिद्ध झाला. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीतून तापाने खंगून परतलेल्या आणि मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत त्यांनाही असेच ठिपके दिसले होते. मग जूनमध्ये डोनोव्हन यांनी एका जिवंत मुलाच्या प्लीहेत सुई घालून नमुना काढला. ठिपके तिथेही होतेच! म्हणजे हे कुजणं नव्हे, हा जिवंत परोपजीवी. रोनाल्ड रॉस यांनी दोघांनाही न्याय दिला. जंतूचं नाव ठेवलं, ‘लीशमानिया डोनोव्हनी’. रोग म्हणजे आपला काळा आजार.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे जंतू प्लीहेत मोकळे हिंडत नव्हते. ते दुसऱ्या एका मोठ्या पेशीच्या पोटात दाटीवाटीने राहत होते. आणि ती पेशी म्हणजे जंतूंना खाऊन टाकण्यासाठीच शरीराने नेमलेला पहारेकरी!

खादाड पहारेकरी

या पहारेकऱ्यांचा शोध त्याआधी वीसेक वर्षांचा. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हे एकटेच घरी राहिले. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात त्यांनी गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला! पायात काटा मोडला की आपल्याला पू होतो, तोच हा प्रकार. परकं काही दिसलं की धावत जायचं, वेढा घालायचा आणि गिळायचं, हे या पेशींचं काम. या शोधासाठी १९०८ साली मेचनिकॉफना नोबेल मिळालं.

अशा भक्षक पेशी आपल्या सगळ्या शरीरात आहेत. पण त्यांची मोठी ठाणी तीन : यकृत, प्लीहा आणि हाडांतला मगज. रक्त या ठाण्यांतून सारखं गाळून जात असतं. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी, चुकार जंतू, कसलाही कचरा आला की पेशीने आपलं अंग पुढे काढून तो पोटात घेतलाच म्हणून समजा. पोटात आम्ल आणि पाचकरसांच्या थैल्या असतात, त्यात तो विरघळतो. गंमत अशी की, पहारेकरी कचरा ओळखतो तो मुख्यतः त्याच्यावर बसलेल्या लेबलांवरून. रक्तात परका कण शिरला, की काही क्षणांत रक्तातली प्रथिने त्याच्या अंगाला चिकटतात. त्यांतली काही प्रथिने म्हणजे जणू ‘याला उचला’ अशी चिठ्ठीच.

काळ्या आजाराचा जंतू या व्यवस्थेचाच फायदा घेतो. वाळूमाशी चावते, जंतू आत येतो, पहारेकरी त्याला गिळतो आणि हा पठ्ठ्या त्या आम्लातच सुखाने वाढू लागतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावं, त्यातला प्रकार! बाहेर शोधून सापडत नाही, कारण तो शोधणाऱ्याच्याच घरात आहे.

उपचार न झाल्यास काळ्या आजाराचा रुग्ण बहुधा दगावतोच. कलकत्त्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास ‘युरिया स्टिबामाइन’ हे अँटिमनीचं औषध तयार केलं आणि असंख्य माणसं वाचली. त्यानंतर अँटिमनीची इतर इंजेक्शनं आली. पण पुढे बिहारमध्ये ती चालेनाशी झाली. मुझफ्फरपूरच्या परिसरात तर निम्म्याहून अधिक रुग्णांवर अँटिमनीचा उपयोग होत नव्हता. १९९२ साली भारतात सत्त्याहत्तर हजारांवर रुग्णांची नोंद झाली. बहुतेक सगळे बिहारच्या खेड्यांतले, मातीच्या घरांत राहणारे मजूर. घरातला कर्ता माणूस आजारी पडला की आधी शेळी विकायची, मग जमिनीचा तुकडा, हेच तिथे चालायचं.

उरलं होतं ते अँफोटेरिसिन. मुळात बुरशीवरचं हे औषध व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका सूक्ष्मजंतूपासून १९५० च्या दशकात मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य असतं. हे औषध त्याला चिकटतं आणि आवरणाला भोकं पाडतं. काळ्या आजाराच्या जंतूच्या आवरणातही तेच द्रव्य आहे, म्हणून तोही मरतो. पण माणसाच्या पेशींतलं कोलेस्टेरॉल त्या द्रव्याचं भावंड. औषधाची तिथेही थोडी गफलत होते आणि मूत्रपिंडं सोसतात. शिवाय सलाईन चढताना रुग्णाला अशी हुडहुडी भरते, की खाट हलावी. एक दिवसाआड पंधरा सलाईनं म्हणजे महिनाभर रुग्णालयात पडून राहणं. मजुराला ते कसं परवडणार?

चौकीत जाणारा डबा

आता थोडं स्वयंपाकघरात येऊ. अंड्याच्या पिवळ्या बलकात किंवा सोयाबीनमध्ये लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहणारं, दुसरं पाण्यापासून पळणारं. तो पाण्यात घुसळला की आपोआप इवले इवले पोकळ फुगे तयार होतात. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतले अ‍ॅलेक बँगहम यांनी १९६० च्या दशकात हे फुगे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जग त्यांना ‘लायपोसोम’ म्हणू लागलं. औषधासाठी वापरतात ते फुगे साधारण शंभर नॅनोमीटरचे किंवा त्याहून लहान. आपली तांबडी रक्तपेशी सात हजार नॅनोमीटरची असते, म्हणजे तिच्या रुंदीवर असे सत्तर फुगे ओळीने बसतील.

या फुग्यात औषध भरून ते हवं तिथे पाठवावं, ही कल्पना सुचायला वेळ लागला नाही. अडचण आली ती पहारेकऱ्यांची. शिरेत सोडलेले साधे फुगे काही मिनिटांत किंवा तासांत यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकत. कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध न्यायला निघालेले शास्त्रज्ञ कपाळाला हात लावून बसले.

पण एकाची अडचण ती दुसऱ्याची सोय. काळा आजार कुठे असतो? नेमका त्याच पेशींत! १९७७-७८ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतल्या काही गटांनी अँटिमनी लायपोसोमात भरून काळा आजार झालेल्या प्राण्यांना दिलं आणि नेहमीपेक्षा कितीतरी कमी औषधात काम झालं. चोर चौकीत बसलाय ना? मग चौकीत रोज जेवणाचा जो डबा जातो, त्यातच औषध घालून पाठवायचं. पहारेकऱ्याने आपल्या सवयीने डबा उघडायचा आणि चोराला आतल्या आत गाठायचं. या सगळ्या हकीकतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. यात पहारेकऱ्याला फसवायचं नाही की त्याच्याशी भांडायचंही नाही. त्याच्या खादाडपणाच्या भरवशावर अवघड काम तडीस न्यायचं.

अँफोटेरिसिन तर या फुग्यांसाठी जणू जन्मलेलंच. ते पाण्यात विरघळत नाही, पण फुग्याच्या स्निग्ध भिंतीत चपखल बसतं. त्यामुळे मूत्रपिंडाला त्याची झळ पुष्कळ कमी लागते. परदेशी कंपनीचं असं औषध १९९० च्या सुमारास युरोपात बाजारात आलं, पण त्याची किंमत आपल्याकडच्या रुग्णांच्या आवाक्याबाहेरची.

इथे आपल्या परळचं नाव येतं. शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर (पुढे त्या याच संस्थेच्या अधिष्ठाता झाल्या) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या साथीने देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन विकसित केलं. नव्वदच्या दशकात केईएममध्ये बुरशीच्या गंभीर संसर्गावर ते वापरून पाहिलं गेलं. मग काळ्या आजाराच्या रुग्णांवरही चाचण्या झाल्या. पुढे ते ‘फंगिसोम’ या नावाने बाजारात आलं. हे औषध देण्याआधी कुपी पाऊण तास ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवून हलवून घ्यावी लागते, म्हणजे फुगे हव्या त्या आकाराचे होतात. नर्सला जरा जास्तीचं काम, पण किंमत परदेशी औषधापेक्षा कितीतरी कमी.

निर्णायक पुरावा आला तो मुझफ्फरपूरहून. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी तिथे ४१२ रुग्णांवर चाचणी केली. काहींना जुन्या पद्धतीने पंधरा सलाईनं, तर बाकीच्यांना वजनाच्या किलोमागे दहा मिलिग्रॅम लायपोसोमल औषधाचं एकच सलाईन. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतले शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण बरे होते. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या आजारासाठी महिनाभर खाट अडवून पडावं लागे, त्याचा रुग्ण आता दुसऱ्या दिवशी घरी जाऊ लागला. पुढे सरकारी कार्यक्रमानेही हीच पद्धत स्वीकारली आणि जागतिक आरोग्य संघटनेमार्फत औषध फुकट मिळू लागलं. २०२३ मध्ये देशभरातल्या रुग्णांची संख्या हजाराच्याही खाली होती. अर्थात, घरांच्या भिंतींवरची फवारणी आणि गावोगाव फिरून तापाचे रुग्ण हुडकणाऱ्या आशाताई यांचाही त्यात तितकाच वाटा.

२०२१ चा मे महिना

आणि मग आपली पाळी आली. कोविडच्या दुसऱ्या लाटेतून उठलेल्या माणसांचा एक गाल सुजू लागला, डोळा पुढे येऊ लागला, टाळूवर काळा डाग दिसू लागला. म्युकरमायकोसिस, ज्याला सगळे ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. हिची बीजं हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर, सगळीकडेच असतात. एरवी नाकात शिरताच पहारेकरी त्यांचा फडशा पाडतात. पण रक्तातली साखर बेसुमार वाढली की भक्षक पेशी मंदावतात, आणि स्टेरॉइडने त्या आणखीच गुंगतात. कोविडमध्ये स्टेरॉइडने अनेकांचे प्राण वाचवले हे खरं, पण मधुमेह असलेल्यांना, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस ते घेतलेल्यांना ही किंमत मोजावी लागली. जुलै २०२१ पर्यंत देशात पंचेचाळीस हजारांवर रुग्ण झाले आणि चार हजारांवर दगावले. महाराष्ट्र आणि गुजरात त्यात सर्वांत पुढे.

उपाय दोनच : सडलेला भाग कापून काढणं आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन. किलोमागे रोज पाच मिलिग्रॅम धरलं तर साठ किलोच्या माणसाला तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नासच्या सहा कुप्या. रोज सहा, आणि तेही काही आठवडे! एका कुपीला हजारो रुपये. दागिने मोडून पैसे उभे केले तरी कुपी मिळेना. जिल्ह्याचा कोटा, दुसऱ्या शहरातल्या मेव्हण्याला फोन, मोबाईलवर फिरणाऱ्या औषधाच्या चिठ्ठ्या... ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना ‘लायपोसोमल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने अँफोटेरिसिनचं उत्पादन सुरू केलं तेव्हा विदर्भात ती पहिल्या पानावरची बातमी झाली. (ते औषध लायपोसोमचं नव्हे, स्निग्ध पदार्थाच्या पायसाचं होतं. पण त्या दिवसांत कोण फरक करत बसणार!)

नको तिथे भूक

इतर आजारांत मात्र पहारेकऱ्यांची भूक ही डोकेदुखीच ठरते. कर्करोगाचं लाल रंगाचं औषध डॉक्सोरुबिसिन हृदयाला अपाय करतं, म्हणून ते लायपोसोममध्ये भरलं. फुगा लगेच गिळला जाऊ नये यासाठी त्यावर पॉलिएथिलिन ग्लायकॉल, म्हणजेच ‘पेग’ या पदार्थाचे केसांसारखे तंतू लावले. तंतूंभोवती पाणी धरून राहतं, चिठ्ठ्या चिकटवणारी प्रथिनं जवळ येऊ शकत नाहीत आणि फुगा दिवसेंदिवस रक्तात फिरत राहतो. अमेरिकेत १९९५ साली त्याला मान्यता मिळाली. २०१२ मध्ये तिथे या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा आपल्या सन फार्माचं औषध अमेरिकेने तात्पुरतं आयात केलं, हे मुद्दाम सांगण्यासारखं.

पण शरीरही काही कच्च्या गुरूचं चेलं नाही. बराच काळ फिरणारं औषध त्वचेत झिरपतं आणि काहींचे तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. काहींच्या रक्तात ‘पेग’विरुद्धच प्रतिपिंडं सापडतात, कारण हा पदार्थ क्रीम आणि पोट साफ करण्याच्या पावडरींतही असतो. काही रुग्णांना पहिल्याच सलाईनच्या सुरुवातीच्या मिनिटांत चेहरा लाल होणं, छाती आवळणं, पाठ दुखणं असा त्रास होतो. रक्तातल्या त्या चिठ्ठीवाल्या प्रथिनांनी एकाएकी केलेली ती आरडाओरड. म्हणूनच ही सलाईनं अगदी सावकाश सुरू करतात आणि नर्स शेजारी थांबते. पूर्वी कुठल्या औषधाने असं झालं असेल तर ते आधीच सांगावं.

आणि इतकं करूनही गाठीपर्यंत किती पोहोचतं? टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासून २०१६ साली सांगितलं, की शिरेत टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत जातात ते साधारण ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही! पुष्कळसा वाटा यकृत आणि प्लीहा घेऊन जातात. ‘नॅनो’ शब्द लावून कर्करोगाचे चमत्कार विकणाऱ्या जाहिरातींपुढे हा आकडा ठेवून पाहावा.

उलट, जिथे पहारेकऱ्याकडेच काम आहे तिथे हे कण घरोघरी पोहोचलेत. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन फारच खाली गेलं की लोहाचं सलाईन देतात. त्यातलं लोह साखरेच्या कवचात गुंडाळलेल्या नॅनोकणांच्या रूपात असतं. भक्षक पेशी ते गिळतात, कवच फोडतात आणि लोह जपून, लागेल तसं रक्तात सोडतात. म्हाताऱ्या तांबड्या पेशींतलं लोह वाचवण्याचं काम त्या एरवीही करतातच! एम-आरएनए लशीचंही तसंच. स्निग्ध कण दंडात टोचले की पहारेकऱ्यांच्याच जातीतल्या काही पेशी ते उचलून काखेतल्या ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे प्रतिकारशक्तीची शाळा भरते. लशीनंतर काखेत अवधाण येतं ते त्यामुळे. आपल्यापैकी बहुतेकांनी वेगळ्या प्रकारच्या लशी घेतल्या, पण पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने अशी देशी लस तयार केली. साध्या फ्रिजमध्ये राहणाऱ्या या लशीला २०२२ च्या जूनमध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली.

डोनोव्हन १९१९ साली निवृत्त होऊन परत गेले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी पतंग-फुलपाखरांत घालवलं. जी. एच. च्या दारात आजही पहाटेपासून रांग असते.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. अँफोटेरिसिन साध्या रूपातही मिळतं आणि लायपोसोमलही. लायपोसोमलची मात्रा साध्याच्या कितीतरी पट मोठी. ती चुकून साध्या औषधाची दिली गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि जगात असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून चिठ्ठीत नुसतं ‘अँफोटेरिसिन’ लिहिलं असेल, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडून पूर्ण नाव लिहून घ्यावं, आणि आणलेली कुपी नर्सच्या हातात देताना त्या नावाशी पुन्हा ताडून पाहावी.